अमाला

निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या हिशेबात जमीन येते, शिधा येतो, नोंदणीचे कागद येतात. आईपण येत नाही. ते आईने बरोबर आणलेलेच असते, असे गृहीत धरले जाते. पण आईपणालाही गाव लागते. आजी लागते, शेजार लागतो, कोणत्या वयात मुलाला कोणते काम सांगायचे याचा रिवाज लागतो. गाव सुटले की हा सारा संसार मागे राहतो.

१९५९नंतर तिबेटहून आलेल्या अनेक कुटुंबांना रस्तेबांधणीची कामे मिळाली. त्या छावण्यांतली मुले आजारी पडू लागली, तेव्हा १७ मे १९६० रोजी जम्मूहून ५१ मुले धरमशालेला आणली गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या तिबेटी बालग्रामाने पुढे मुलांची घरे केली आणि घरागणिक एक सांभाळणारी आई नेमली. तिला मुले ‘अमाला’ म्हणतात. ‘अमा’ म्हणजे आई. ‘ला’ हा आपल्या ‘जी’सारखा आदराचा प्रत्यय.

त्याच सुमारास म्हैसूर सरकारने बैलकुप्पे येथे सुमारे ३,००० एकर जंगलजमीन दिली. तिथे मका पिकला, पण नुसत्या मक्यावर भागले नाही. हिवाळा आला की आईबाप स्वेटरांची गाठोडी घेऊन परगावच्या पदपथांवर जात आणि मुले आजीकडे किंवा वसतिगृहात राहत. पुढची पिढी शिक्षणासाठी, परिचारिकेच्या नोकरीसाठी बंगळूरला आली. आता भाड्याच्या खोलीत तान्हे मूल असते आणि आजी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर.

अशा आईला पालकत्वाच्या वर्गात काय सांगावे? मुलाशी बोला, त्याच्याशी खेळा, हात उगारू नका. सारे खरेच. पण कोणत्या भाषेत बोलायचे? मूल गल्लीत कन्नड शिकते, शाळेत इंग्रजी. गावाकडून आलेली आजी दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांचे बोलणे तिला नातूच समजावतो. १९७५नंतर लाओसमधून अमेरिकेतल्या सेंट पॉलला पोचलेल्या ह्मोंग कुटुंबांनीही हेच अनुभवले. दुभाषा झालेल्या मुलापुढे वडिलधाऱ्यांचा शब्द हलका होतो.

तिला काहीच येत नाही, असे धरून चालणारा वर्ग तिचा उरलासुरला अधिकारही काढून घेतो. ‘तुम्हांला कोणी, कसे वाढवले?’ या प्रश्नापासून सुरू होणारा वर्ग मात्र तिला बोलती करतो. मग डोंगरातली आजी त्या खोलीत येते, विसरलेले अंगाईगीत येते. आणि ते कन्नड बोलणारे मूल कान देऊन ऐकू लागते.