कोणते झाड हलवावे?

नाशिक फाट्यापासून खेडपर्यंतच्या 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली. अंदाजित खर्च 7,827 कोटी रुपये. मार्ग उन्नत असला तरी खालचा रस्ताही रुंद होणार आहे आणि दोन्ही बाजूंना सेवा रस्ते येणार आहेत. म्हणजे भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, चाकण या पट्ट्यात रस्त्याकडेला उभी असलेली झाडे कुणाच्या तरी तक्त्यात जाणार. अशा तक्त्यात साधारण दोन रकाने असतात, ‘तोड’ आणि ‘पुनर्रोपण’. दुसरा रकाना वाचला की सगळ्यांनाच हायसे वाटते. ठेकेदाराला परवानगी सोपी होते, अधिकाऱ्याला उत्तर मिळते, वृक्षप्रेमींचा आवाज थोडा खाली येतो. उद्यानविद्येची अभ्यासक म्हणून माझा आक्षेप या दुसऱ्या रकान्यावर आहे. पुनर्रोपणाचे तंत्र खोटे नाही आणि यंत्रही उत्तम आहे. पण ते ज्या झाडांसाठी, ज्या मातीसाठी आणि ज्या वेळापत्रकासाठी आहे, त्यातले काहीच रस्ता रुंदीकरणाच्या कामात सहसा नसते. ते जिथे असते, त्या कारखान्यांच्या आवारात आणि रोपवाटिकांत, मात्र हे यंत्र आपण फारसे वापरत नाही.

आधी यंत्राविषयी. इंग्रजीत ट्री स्पेड म्हणतात ते हे यंत्र. आपल्याकडे लोक सरसकट ट्रान्सप्लांटर मशीन म्हणतात. ट्रकच्या किंवा लोडरच्या तोंडाला एक पोलादी चौकट असते. ती फाटकासारखी उघडते, बुंध्याला मधोमध घेते आणि मिटते. चौकटीवर तीन किंवा चार बाकदार पाती तिरक्या खाचांत बसवलेली असतात. हायड्रॉलिक दाबाने ती आळीपाळीने खाली रेटली जातात. समोरासमोरची दोन थोडी, मग उरलेली दोन, पुन्हा पहिली दोन. एकच पाते एकदम खाली घातले तर चौकट उलट बाजूने वर उचलली जाते. पात्यांची टोके जमिनीत खाली एकमेकांना भेटली की मातीचा शंकूसारखा गोळा मुळांसकट सुटा होतो. चांगला चालक आधी नव्या जागी त्याच यंत्राने तेवढाच खड्डा काढून ठेवतो, मग झाड उचलतो. जमीन मनासारखी असेल तर हा सगळा प्रकार अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. मात्र दोन गोष्टी यंत्र करत नाही. अंगठ्याएवढी मुळे पाते स्वच्छ कापते, मनगटाएवढी मुळे चिरफाळतात. त्यांची टोके करवतीने नीट केल्याशिवाय नवी पांढरी मुळे फुटत नाहीत. आणि चिकण मातीत पाते खड्ड्याची भिंत घासून गुळगुळीत करते. ती खरवडली नाही तर मुळे तिथेच वळतात आणि पावसाचे पाणी आत साचते. ही दोन्ही कामे माणसाने हातानेच करायची असतात, आणि घाईच्या कामात पहिल्यांदा तीच सुटतात.

आता गणित. रोपवाटिका व्यवसायात रूढ असलेला नियम असा की जमिनीलगत बुंध्याचा व्यास जितका, त्याच्या दहा ते बारा पट व्यासाचा मातीचा गोळा हवा. बुंधा 20 सेंटिमीटरचा असेल तर गोळा दोन ते 2.4 मीटरचा. त्याची खोली दीड मीटर धरली तर माती जवळजवळ दोन घनमीटर, वजन तीन टनांच्या पुढे. मोठ्या ट्रकवरच्या यंत्राची मजल साधारण इथेच संपते. आता महामार्गाकडेचा एक मीटर व्यासाचा वड घ्या. नियमाप्रमाणे गोळा दहा मीटरचा झाला. नियम धाब्यावर बसवून निम्मा, म्हणजे पाच मीटरचा आणि सव्वा मीटर खोल घेतला तरी माती चाळीस टन भरते, झाडाचे वजन वेगळेच. अशा झाडाला यंत्र लावतच नाहीत. पोकलेनने चर खणून, गोणपाट गुंडाळून, क्रेनने उचलतात, आणि गोळा क्रेनला पेलेल एवढाच ठेवतात. झाडाची गरज तिथे मोजली जात नाही. नियमाप्रमाणे काढलेल्या गोळ्यातसुद्धा मुळांच्या मूळ पसाऱ्याचा थोडाच भाग येतो, नव्वद टक्क्यांहून अधिक मागे राहतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन अर्बोरेटमचे गॅरी वॉटसन यांनी 1985 मध्ये मांडलेला हिशेब या क्षेत्रात आजही सांगितला जातो. चार इंची बुंध्याच्या झाडाला हलवल्यानंतर मुळांचा पसारा पूर्ववत व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात, दहा इंची झाडाला तेरा. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष अधिक बोलका आहे. एकाच वेळी हलवलेली ही दोन झाडे तेरा वर्षांनी जवळपास सारख्याच आकाराची दिसतात. जादा खर्च करून मोठ्या झाडाने घेतलेली आघाडी तेवढ्या काळात लहान झाड भरून काढते. हा हिशेब थंड प्रदेशातला आहे हे मान्य. उष्ण हवेत मुळे अधिक महिने वाढतात, त्यामुळे आपल्याकडे वर्षे कमी लागतील. पण लहान आणि मोठ्या झाडातले प्रमाण त्यामुळे उलटत नाही. आणि आपल्याकडे एप्रिल-मे येतो. तुटक्या मुळांवर उभ्या असलेल्या झाडाला तो इलिनॉयच्या हिवाळ्यापेक्षा जड जातो.

जमिनीचा मुद्दा आपल्याकडे जवळजवळ कुणी काढत नाही. हे यंत्र खोल, सलग, दगड नसलेल्या मातीच्या देशात वाढले. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा दख्खनच्या बेसाल्टचा प्रदेश आहे. पवना आणि इंद्रायणीच्या काठची गाळाची पट्टी सोडली तर वर हात-दोन हात माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. निगडीच्या दुर्गा टेकडीकडची किंवा भोसरीच्या माळाची जमीन आठवावी. मुरमात पाते शिरत नाही, शिरले तर वाकते. शिवाय मुरमातल्या झाडाची मुळे खाली गोळ्यात बसतील अशी नसतातच. ती फटींतून आडवी लांब गेलेली असतात, त्यामुळे शंकू काढला की हाती खोड आणि भुगा येतो. काळ्या मातीचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि गोळा उचलताना ढेकळे सुटी होतात. भर पावसात ती इतकी लदलदीत होते की ट्रकच आत जात नाही. गोळा एकसंध राहील असा ओलावा वर्षातून काही आठवडेच मिळतो. रस्त्याच्या कामाचे वेळापत्रक हे आठवडे बघून आखलेले मी तरी पाहिलेले नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की शंभर वर्षांचे वड हलवून जगलेले आहेत, त्यांचे काय? जगले आहेत. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी खोडापासून नवी मुळे काढण्यात तरबेज असतात. काटेसावर, पांगारा, चाफाही त्याच जातीचे म्हणता येतील. वडाची मांडीएवढी फांदी रोवली तरी ती फुटते. तेव्हा सगळ्या फांद्या छाटून नुसता ठोकळा उरलेला वड नव्या जागी पालवला, तर त्यात पुनर्रोपणापेक्षा छाट-कलमाचा भाग अधिक आहे. झाड वाचले हे खरे, पण ज्या सावलीसाठी आणि ज्या पक्ष्यांसाठी ते वाचवायचे होते, ती छत्री गेली. ताडवर्गातल्या झाडांचेही असेच. बुडाशी नवी मुळे येतच राहतात म्हणून रॉयल पाम सहज हलतो आणि पुनर्रोपणाची टक्केवारी सजवायला उपयोगी पडतो. आंबा, साग, बाभूळ, निलगिरी यांचे मोठे झाड हलवून जगवणे मात्र फार कठीण. त्यामुळे जातवार तक्ता न देता ‘ऐंशी टक्के झाडे जगली’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: तोडण्यापेक्षा बरे ना? तीनातले एक जगले तरी काय वाईट? हा तीनातला एक मी मनाने काढलेला नाही. दिल्ली सरकारने 2020 मध्ये पुनर्रोपणाचे धोरण आणले. बाधित झाडांपैकी किमान ऐंशी टक्के हलवायची आणि त्यांतली किमान ऐंशी टक्के जगली पाहिजेत, असे त्यात होते. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या 16,461 झाडांपैकी 5,487 जगली होती. मरणाऱ्या दोघांवरही क्रेन, ट्रेलर, टँकर आणि मजुरीचा पूर्ण खर्च झालेला असतो. तेवढ्या पैशात चांगल्या खड्ड्यात, चांगल्या मातीत अनेक दमदार रोपे लावून काही वर्षे पाणी घालता येते. पण खर्चापेक्षा मोठे नुकसान निर्णयाचे होते. झाड ‘हलणार’ असे ठरले की खांब दोन मीटर सरकवता येईल का, सेवा रस्ता इथे थोडा अरुंद चालेल का, हे विचारायचे कारणच उरत नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येणाऱ्या सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी रस्त्याची आखणी बदलण्यात आली. एवढ्या वयाच्या झाडाला वादळवाऱ्याची भीती असतेच, पण रस्ता वळवता येतो हे तिथे दिसले. उन्नत मार्गाच्या खांबांना तर जागा निवडण्याची मुभा अधिक असते.

छाटणीचा प्रश्न जुना आहे. 1828 मध्ये स्कॉटलंडच्या सर हेन्री स्ट्यूअर्ट यांनी मोठी झाडे हलवण्यावर ‘द प्लँटर्स गाइड’ हे पुस्तक लिहिले. मुळे जपायची तशा फांद्याही जपायच्या, हा त्यांचा आग्रह होता. त्याआधीची रीत फांद्या उडवण्याची होती. आपण 2020 च्या दशकात त्या आधीच्या रीतीकडे परतलो आहोत, कारण छत्रीसकट झाड पुलाखालून आणि विजेच्या तारांखालून नेता येत नाही. पानांशिवाय अन्न तयार होत नाही, आणि फुटणाऱ्या कोंबांकडून मुळांना जो संदेश जातो तोही थांबतो. ठोकळा साठवलेल्या पिठुळावर काही महिने जगतो, हिरवे कोंब काढतो, त्याचे छायाचित्र निघते. दुसऱ्या उन्हाळ्यात साठा संपतो. पाण्याचीही अशीच गत. हलवलेले झाड सुरुवातीला फक्त गोळ्यातले पाणी पिते, भोवतीची जमीन कितीही ओली असली तरी. आठ इंची बुंध्याला एका वेळी साठ ते नव्वद लिटर, तेही थेट गोळ्यावर, आणि पहिल्या उन्हाळ्यात वरचेवर. ज्या पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येते, तिथे हे पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातूनच आणावे लागेल. मग टँकरची फेरी कोण आणि किती वर्षे करणार, हे परवानगीतच लिहिलेले हवे.

मग या यंत्राचे करायचे काय? माझ्या मते त्याची खरी जागा चाकण, म्हाळुंगे, निघोजे, तळवडे येथील कारखान्यांच्या आवारात आहे. कारखाना दर काही वर्षांनी वाढतो. नवी शेड, नवे गोदाम, नवा वाहनतळ यांसाठी आधी लावलेली झाडे आड येतात, आणि ती बहुधा दहा-पंधरा वर्षांची, हाताच्या घेरात येणारी असतात. हीच यंत्राच्या मापाची झाडे. जागा एकाच मालकाची, अंतर थोडे, वरून तारा नाहीत, पाणी आवारातच शुद्ध होणारे आणि विस्ताराचा आराखडा दोन-तीन वर्षे आधी ठरलेला. टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात तळे आणि झाडे यांना आवाराच्या आखणीतच जागा दिली होती. त्या परंपरेला साजेसे पुढचे पाऊल म्हणजे आवाराच्या कडेला खोल माती भरून झाडांचा राखीव पट्टा करणे. तिथे तीन-चार मीटरवर कडुनिंब, करंज, बकुळ, कांचन, अर्जुन वाढवायचे आणि बुंधा दहा-बारा सेंटिमीटरचा झाला की यंत्राने हव्या त्या जागी नेऊन बसवायचे. सध्या गृहप्रकल्पांच्या प्रवेशद्वारांसाठी आंध्रातल्या कडियमहून ट्रकच्या ट्रक मोठी झाडे येतात. गोदावरीच्या गाळात वाढलेली झाडे मोशीच्या मुरमात उतरवून ती रुसली की आपण माळ्याला दोष देतो. महापालिकेच्या रोपवाटिकांनीही असाच पट्टा ठेवला, तर रस्त्यासाठी ‘भरपाई’ म्हणून काठीएवढी रोपे लावण्याची वेळ येणार नाही.

कारखानदार म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? वेळ लागतो हे खरेच. हलवण्याच्या आधी किमान एक पावसाळा निम्म्या घेराने चर खणून मुळे कापायची, चरात शेणखत-माती भरायची, काही महिन्यांनी उरलेला निम्मा घेर घ्यायचा. त्यामुळे गोळ्याच्या आत बारीक मुळांचे जाळे तयार होते आणि झाड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर हलवता येते. पण उन्नत मार्गासारख्या प्रकल्पाला मंजुरीपासून यंत्रसामग्री येईपर्यंत याहून जास्त काळ जातोच. तो मुळांच्या छाटणीसाठी वापरायला एक चर खणणारी टोळी पुरते. पैशाची अडचणही फारशी खरी नाही. 2015 च्या केंद्रीय हरित महामार्ग धोरणाच्या नावातच पुनर्रोपण आहे आणि प्रकल्पखर्चाचा एक टक्का हिरवाईसाठी ठेवण्याची तरतूद त्यात आहे. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावायला सांगितले आणि ती सात वर्षे जगवण्याची जबाबदारी घातली. हलवलेल्या झाडाचा हिशेबही त्याच सात वर्षांचा असावा, पहिल्या पालवीचा नव्हे. आणि पुनर्रोपणाच्या रकान्यात नाव लिहिण्याआधी तक्त्यात चार गोष्टी भरलेल्या असाव्यात: जात, बुंध्याचा व्यास, झाडाशेजारी चाचणी खड्डा घेऊन मोजलेली मातीची खोली आणि मुळांच्या पहिल्या छाटणीची तारीख. मातीची खोली मीटरभराच्या आत असेल किंवा बुंधा पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर ते नाव त्या रकान्यातून निघून आराखडा करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर परत जावे.