नखाची कोर

परवा दाराच्या फटीत सापडून उजव्या करंगळीचे नख निघाले, आणि पट्टी बांधलेला तो हात मांडीवर ठेवून, ओहायोतील मुलीच्या भाड्याच्या घरात, बर्फाने कोंडून घातलेल्या दुपारी मी बसलो असता, कोचाच्या विरलेल्या कापडात अडकलेले एक पातळ, चंद्रकोरीसारखे टरफल दृष्टीस पडले. ते मनीचे होते. मांजर ओरबाडते तेव्हा नखावरचे जुने कवच असे गळून आतले नवे नख पुढे येते. घरमालकाच्या करारनाम्यात मात्र कलम आहे, की मांजर ठेवावयाचे तर त्याची नखे काढलेली असावीत.

‘नखे काढणे’ हा शब्दप्रयोग किती निरुपद्रवी, जणू न्हाव्याचेच काम! वस्तुतः नख हाडालाच जडलेले असल्यामुळे बोटाचे शेवटचे पेर सांध्यातून छेदावे लागते. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली, वैद्यकीय कारण नसल्यास, यास मनाई केली. तो हुकूम आमच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही.

मुलगी दुसरे घर पाहू म्हणते. जावयांना अनामत रकमेची चिंता. मला दोघांचेही पटते, हे माझे जुनेच दुखणे. गावच्या वाड्यात मांजरीच्या नखांचा विचार उंदरांखेरीज कोणी केल्याचे स्मरत नाही.

रात्री करंगळी ठणकत होती. मनी पायथ्याशी येऊन, डोळे अर्धवट मिटून, पांघरुणावर पुढचे पंजे आळीपाळीने दाबीत राहिली. नखे लोकरीत किंचित रुतत, सुटत. ती कोर मी चष्म्याच्या घरात ठेवली आहे. मुलीला अद्याप सांगितलेले नाही.