टाक्यांचा हिशेब

आपल्याकडे बाई विणायला बसली की ती काम करते आहे असे कोणी म्हणत नाही. "रिकामीच बसली आहेस, जरा चहा टाक," असे म्हणतात. हातात सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा, नजर टाक्यांवर, तरी ती रिकामी! म्हणूनच बायकांनी चारचौघांत, उघड्यावर एकत्र बसून विणावे ही कल्पना ऐकताक्षणी मला आवडली.

२००५ साली डॅनिएल लँडेस या बाईंनी ही प्रथा सुरू केली. जूनच्या दुसऱ्या शनिवारी विणणाऱ्यांनी बागेत, चौकात जमावे आणि विणावे, एवढेच. पुढे ती देशोदेशी पसरली. आपल्या देशातही ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या स्त्रियांनी घरोघरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे ब्लँकेट तयार केले आणि गिनीज बुकात नाव नोंदवले.

मुंबईच्या नोकरदार बाईला मात्र यात फार नवे वाटणार नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली ही महिलांची खास लोकल सुरू झाली. पण लेडीज डब्यात भाजी निवडणे, स्वेटर विणणे हे त्याच्याही आधीपासून चालत आलेले. मी उलट टाका डब्यातच शिकले. शिकवणाऱ्या बाई दादरला उतरत, म्हणून माझा धडाही दादरला संपे. आता डब्यात सुया कमी आणि मोबाईल जास्त दिसतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी अशाच एका मेळाव्याला गेले. पाऊस होता, म्हणून बागेतल्या छपराखाली सतरा-अठराजणी दाटीवाटीने बसलो. कॉलेजातल्या मुली होत्या, एक नर्स होती, दोन आज्या होत्या आणि स्वतःच्या नातवासाठी टोपरे विणणारे एक आजोबाही होते. काहींकडे परदेशी मेरिनो लोकर होती आणि माझ्या पिशवीत नाक्यावरच्या दुकानातली साधी ॲक्रिलिक. मनात धाकधूक होतीच. पण शेजारच्या बाईंनी ना नाव विचारले, ना गाव, आडनाव तर नाहीच. त्यांनी माझे विणकाम हातात घेतले, आधी उलटी बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "अंगाला १० नंबरची सुई ना? तुमचा हात घट्ट आहे ताई. पुढच्या वेळी ९ नंबर घ्या, वीण मऊ पडेल."

आपल्या हातातला धागा परक्या माणसाने सहज हातात घ्यावा, ही गोष्ट आज साधी वाटते. ती नेहमी साधी नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगल्या पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यात विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. माझे आजोबाही गिरणीत होते, रिंगखात्यात. त्यांची नात त्या छपराखाली बसून दुसरीचा गुंडा सोडवत होती आणि दुसरी तिचा. भगिनींनो, अशा गोष्टीचे मोल आपल्याला जास्त कळते.

पण त्या दिवशी माझ्या मनाला लागली ती वेगळीच गोष्ट. समोर साठीच्या एक मावशी होत्या. हात इतका वेगवान की सुया दिसू नयेत. त्या एका दुकानासाठी बाळाचे स्वेटर विणतात. लोकर दुकानाची, मजुरी एका स्वेटरला १५० रुपये. मी विचारले, "मावशी, एकाला किती वेळ लागतो?"

"वेळ कोण मोजतंय बाई? चार दिवस जातात, घरचं उरकून."

मी बी.कॉम. झालेली, कारकुनी करणारी बाई. वहीचे पान काढले. रोजचे पाच तास, चार दिवसांचे वीस तास. १५० भागिले २०. तासाला साडेसात रुपये! पान हातोहात फिरले तसा गलका थांबला. मावशी जरा वेळाने म्हणाल्या, "हिशेब कळला. पण मी नाही म्हटलं तर दुकानदार दुसरीला देईल." त्यांचे म्हणणे खरे होते. एकटीने नाही म्हणून भागत नाही.

मग नर्सबाईंनी आपल्या ओळखीच्या तीन बाळंतिणींसाठी मावशींकडे थेट स्वेटर सांगितले. लोकरीचे पैसे वेगळे आणि मजुरी प्रत्येकी ६०० रुपये. तासाला तीस पडले. तेही फार नाहीत, पण साडेसातच्या चौपट आहेत. इतर दोघीजणीही दुकानाचे काम करणाऱ्या निघाल्या. तिघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले आणि ठरवले की आपसात विचारल्याशिवाय दर कबूल करायचा नाही.

आपल्या वस्तीत सुया चालवणाऱ्या किती जणी आहेत, हे आपल्यालाच ठाऊक नसते. महिला मंडळाने महिन्यातून एक रविवार ठरवावा. सभागृह नसेल तर झाडाखाली, जिन्यात बसावे. येणारीला टाके येत नसतील तर शिकवावेत. आणि एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येकीने तीन गोष्टी लिहाव्यात: लोकर किती लागली, तास किती लागले, हाती पैसे किती आले. अक्षर येत नसेल तिचे शेजारणीने लिहावे. घरच्या माणसासाठी विणले असेल तरी तास लिहावेतच, पैशाच्या जागी शून्य घालावे. ती वही घरातल्या पुरुषांनाही वाचायला द्यावी.