विरीतली पुडी

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे गॅस पेटत नाही. ऑफिसातून येताना मी सिंगापुरातल्या ओल्ड एअरपोर्ट रोडच्या हॉकर सेंटरवर थांबते आणि ‘होक्कियन मी’ हा शेवयांचा पदार्थ बांधून आणते. पिवळ्या जाड शेवया आणि तांदळाच्या बारीक पांढऱ्या शेवया मोठ्या कढईत एकत्र परततात, मग कोळंबीची टरफलं आणि डुकराची हाडं उकळून काढलेला रस्सा ओतून वर झाकण ठेवतात. शेवया तो रस्सा पिऊन फुगतात. वर कोळंबी, माकुळाचे तुकडे, बाजूला तिखट सांबल आणि गोटीएवढं हिरवं लिंबू. सिंगापूरला आले त्या वर्षी मी या पदार्थाकडे फिरकलेही नव्हते. आता आठवडाभर त्याची वाट पाहते, आणि तो मला तिथल्या टेबलावर नको असतो, घरीच हवा असतो.

कारण त्याची पुडी. काही हॉकर अजूनही या शेवया प्लास्टिकच्या डब्यात न देता एका जाड, तपकिरी, सुकलेल्या पानात बांधून देतात. इथे त्या पानाला ओपे म्हणतात. २०१९ साली आई श्रीवर्धनहून आली होती. मी पुडी टेबलावर ठेवली, तर आत काय आहे हे तिने विचारलंच नाही. पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “अगो, ही तर आपली विरी!”

खरंच विरी होती. पोफळीचं पान खोडाला जिथे कवटाळून असतं, तो रुंद, चिवट भाग. वाडीत विरी गळून पडली की एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने ओढत न्यायचं, हा आमचा खेळ. आजी तिचे द्रोण करायची. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला, त्यामुळे सुपारी मोजून, राखून विकली जायची. विरीचा मात्र कोणी हिशेब ठेवत नसे. या पानाशी माझी ओळख होती आणि दोन वर्षं ते हातात घेऊनही मला ती पटली नव्हती, याचं त्या दिवशी मला वाईट वाटलं. आई शाकाहारी, तिने शेवयांना हात लावला नाही. आमचं जेवण झाल्यावर तिने विरी धुतली, पुसली आणि खिडकीत वाळत उभी केली.

बंद डब्यात वाफेचं पाणी होतं आणि ते परत शेवयांवरच ठिबकतं. विरी थोडी वाफ स्वतःत जिरवते आणि त्या बदल्यात आपला वास देते, ओल्या लाकडाचा, वाडीतल्या सकाळचा. कढईतून थेट ताटलीत आलेली होक्कियन मी आणि पंधरा-वीस मिनिटं विरीत मुरलेली होक्कियन मी या दोन वेगळ्या चवी आहेत. मला दुसरी आवडते.

आमच्या अंकलना हे चांगलं ठाऊक आहे. (इथे गाळ्यावर पुरुष असला तर अंकल, बाई असली तर आंटी, नाव कोणी विचारत नाही.) अगदी सुरुवातीला त्यांनी मला विचारलं होतं, घर किती लांब? मला वाटलं, गप्पा मारताहेत. ते रस्सा मोजत होते. शेवया वाटेतही रस्सा पीत राहतात, म्हणून लांब जाणाऱ्याच्या पुडीत ते पळीभर जास्त घालतात. इथे पार्सलला कोणी दाबाओ म्हणतं, कोणी तापाव, मलय गाळ्यावर बुंकुस. सगळ्यांचा अर्थ एकच, बांधून द्या. अंकलचं बांधणं पाहिल्यापासून मी त्याला स्वयंपाकातच धरते. पान दुमडून रबर चढवताना त्यांच्या डोळ्यांसमोर माझं घर असतं, जे त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

हॉकर म्हणजे फेरीवाला. आपला शब्द जास्त बोलका, त्यात चालणं आहे. सिंगापुरातही हे लोक आधी चालतच होते. शेवया विकणारे बांबूवर बांबू आपटत टॉक टॉक असा आवाज करत गल्लीतून जायचे आणि वरच्या मजल्यावरची माणसं दोरीने टोपली खाली सोडायची. चाळीत वाढलेल्या कोणालाही ही दोरी अनोळखी वाटणार नाही. १९६८-६९ मध्ये सरकारने सुमारे १८ हजार हॉकरांची नोंद केली आणि १९७१ ते १९८६ या काळात नळ, गटार आणि वीज असलेली सेंटरं बांधून त्यांना तिथे नेलं. ते गरजेचं होतं. उघड्या गटाराशेजारी भांडी विसळली जात होती. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने इथल्या हॉकर संस्कृतीला आपल्या वारसा यादीत घेतलं, तेव्हा भर होता तो वेगवेगळ्या वंशांची माणसं एका छपराखाली जेवतात यावर. मला त्याचा अभिमान वाटतो. पण टोपली वर ओढून घरातल्या घरात जेवणं त्याहून जुनं आहे, हेही कोणीतरी म्हणायला हवं. फेरीवाला गाळ्यात बसला आणि फेरी आमच्या पायांत आली.

त्याच २०२० साली कोविडमुळे ७ एप्रिलपासून सेंटरमध्ये बसून जेवायला बंदी होती. टेबलांवर पट्ट्या चिकटवलेल्या, आणि एरवी जागा मिळत नाही तिथे कढईचा आवाज घुमायचा. मी आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. मास्कमुळे बोलणं कमीच. अंकल पुडीत दोन लिंबं जास्त टाकायचे. १९ जूनला टेबलं उघडली, त्या दिवशीसुद्धा मी बांधूनच घेतलं, सवयीने. त्यांनीही काही न विचारता पान उचललं.

ॲपवरून मागवणं मला जमत नाही. घाईत असलेल्यांना ती मोठी सोय आहे, हे मला मान्य आहे. पण मग अंकलना घर किती लांब ते कळत नाही, आणि पळीभर रस्सा कोणाच्या अंदाजाने घालायचा?

घरी आल्यावर मी ताटल्या काढत नाही. पुडी टेबलाच्या मधोमध ठेवते. रबर काढायचा मान लेकीचा. रबर निघालं की पान आपणहून थोडं उलगडतं, वाफ येते, आणि तिचा चष्मा धूसर होतो. तो पुसेपर्यंत तिने काही खायचं नाही आणि आम्हीही नाही, असा आमचा नियम आहे. मग तिघांचे चमचे एकाच पानात. तळाशी, विरीच्या वळीत, रस्सा साठलेला असतो, तो शेवटी.

नऊच्या सुमारास श्रीवर्धनहून फोन येतो. जेवलात का, हे आई विचारतेच. पण आधी विचारते, विरी धुतलीस का?