आधी पाठ तपासा, मग खोड काढा

कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर

दाजी,

तट्टाबद्दलचं तुमचं पत्र मिळालं. खोगीर घालताना कान पाडतं, चार पावलं टाकून अडतं, टाच मारली की मागचे पाय झाडतं आणि आता दोन पायांवर उभंही राहू लागलंय, हे वाचून काळजी वाटली. कारण वर बसते ती आपली लेक. काटेरी लगाम घालावा की अकलूजच्या बाजारात विकून टाकावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको. खोगिराखाली खोड करणाऱ्या जनावराला काहीतरी दुखतंय असंच आधी धरून चालावं आणि तसं नाही याची खात्री पटल्यावरच शिकवणुकीला हात घालावा. हा क्रम उलटा केला, तर खोड जात नाही आणि माणसाचं हाड मात्र मोडतं.

हे मी निव्वळ भूतदयेपोटी म्हणत नाही. घोडा ही शिकार होणाऱ्यांची जात. लंगडणारा, कण्हणारा आधी मारला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. सू डायसन या ब्रिटिश अश्ववैद्यांनी २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या चोवीस खुणांची यादी प्रसिद्ध केली: कान मागं पाडून ठेवणं, शेपूट सारखी झटकणं, तोंड उघडणं, पुढं जायला नकार देणं, मागचे पाय उडवणं, दोन पायांवर उभं राहणं वगैरे. यातल्या आठ किंवा त्याहून जास्त खुणा दिसल्या, तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता दाट. दुखरा भाग सुईनं बधिर केल्यावर तोच घोडा, त्याच स्वाराखाली, यातल्या बऱ्याच खुणा दाखवेनासा झाला, हे त्यातलं महत्त्वाचं. स्वार बदलला नाही, लगाम बदलला नाही, नुसती वेदना थांबली आणि वागणं सुधारलं. स्वभावच खोडकर असता, तर सुईनं तो बदलला नसता.

आता घोडं पेंड खातंय कुठं, ते बघायचं. सुरुवात पाठीपासून करा. खांद्याच्या उंचवट्यामागून कमरेपर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं सावकाश दाबत न्या. एखाद्या जागी कातडी थरथरली, पाठ खाली गेली किंवा मान वळवून चावायला आलं, तर ती जागा दुखरी. खोगिराखाली पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथं पूर्वी दाब बसून जखम झालेली असू शकते. फेरी मारून आल्यावर सगळी पाठ घामानं भिजलेली आणि मधेच एखादा कोरडा पट्टा दिसला, तर खोगीर तिथं रुततंय का ते पाहा. मणक्यावर खोगीर टेकताच कामा नये, वर माणूस बसल्यावरसुद्धा दोन-तीन बोटं सरकतील एवढी फट हवी. मग तोंड. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, दाढांच्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात आणि त्यावरच लगाम ओढला जातो. नालबंदाला खूर दाखवा. शेवटी पोट. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरत असतं, म्हणून उपाशीपोटी पळवू नका. आधी थोडा कडबा खाऊ द्या. उलट, दिवसभर दावणीला बांधून हरभऱ्याची चंदी चारायची आणि संध्याकाळी शांतपणाची अपेक्षा करायची, हेही चूकच.

तुम्ही म्हणाल, दुखणं वगैरे काही नाही, त्याला सवय लागलीय. ही शंका खोटी नाही. उभं राहिलं की माणूस उतरतो, एवढं तट्टू दोन वेळांत शिकतं. मूळ दुखणं बरं झालं तरी शिकलेलं उरतं. पण त्याला उपाय मार नव्हे. घोडा दाब सुटण्यातून शिकतो. पाऊल पुढं पडलं त्याच क्षणी लगाम सैल झाला, तर त्याला उमगतं. थोड्या वेळानं बसलेला चाबूक कशासाठी होता, हे त्याला कळत नाही. म्हणून काही दिवस कुणी न बसता नुसतं हातात धरून चालवा, थांबवा, वळवा. मग जाणत्या, हलक्या स्वाराला थोडा वेळ बसवा आणि नीट चाललं की तिथंच थांबा. जुनी माणसं चाबकानंच घोडी वठणीवर आणत, असंही तुम्ही म्हणाल. पण आपल्याच जिल्ह्यातलं, आषाढी वारीतलं वाखरीचं रिंगण आठवा. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व हजारोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात धावतात आणि त्यातल्या माउलींच्या अश्वावर तर स्वारच नसतो. एवढ्या कल्लोळात ते टिकतात, कारण आळंदीपासून रोज ती गर्दी आणि तो गजर त्यांच्या अंगवळणी पडत आलेला असतो. सवयीनं जे साधतं, ते धाकानं साधत नाही.

काटेरी लगामाबद्दल तर दुमत नकोच. काटे असलेला लगाम वापरायला १९६५ पासून केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. ती मालाच्या ओझ्याची असली, तरी दणकट गड्यानं खोगिरासकट त्याच्यावर बसून ‘त्याची जिरवणं’ किती चूक आहे, हे त्यावरून कळावं. आणि विकून टाकलंत, तर दुखणं तसंच राहील, फक्त पडणारं पोर दुसऱ्याचं असेल.

तेव्हा लेकीला तूर्त वर बसवू नका. अक्कलकोट रस्त्यासारख्या ट्रकांच्या वर्दळीच्या रस्त्यावर तर नेऊच नका. या आठवड्यात पशुवैद्यकांना बोलवून पाठ, दात आणि पाय तपासून घ्या, खोगीर त्यांच्यासमोर चढवून दाखवा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.

आपला मेहुणा