अर्धं तिकीट

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. माझ्या भाच्याला उन्हाळ्यात बारा पूर्ण होतील, मग त्याचंही पूर्ण तिकीट काढावं लागेल. याचा त्याला केवढा अभिमान! आणि धाकट्या भावाचं मात्र अर्धंच राहणार म्हणून त्याच्याच डोळ्यांत पाणीही येतं. या थोरल्याला सकाळी ऐकावं लागतं, "एवढा घोडा झालास, डबा धुता येत नाही?" आणि संध्याकाळी, "मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस." पोरानं नक्की कोण व्हायचं?

मुलग्यांचं शरीर साधारण नऊ ते चौदा या वयात केव्हाही बदलायला लागतं. त्यामुळे सहावीच्या एकाच बाकावर एकाचा आवाज फाटलेला असतो आणि शेजारच्याला अजून आईच्या कुशीत झोप लागते. आपलंच काहीतरी बिनसलंय, असं दोघांनाही वाटत असतं. हे असंच असतं, एवढं तरी घरातल्या कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

गेल्या दिवाळीत "किल्ला लहान मुलं करतात" म्हणत भाचा दोन दिवस अंगणात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याचा बुरूज ढासळला, तसा हा धावला. विटा नीट लावल्या, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर पसरलं, उतारावर अळीव पेरला. कोपरापर्यंत हात माखलेले, जीभ दातांत धरलेली. तेवढ्यात वर्गातला मित्र सायकलवरून आला. हा ताडकन उठला, हात चड्डीला पुसत म्हणाला, "याला जरा मदत करत होतो."

अशा वेळी घरातलं कुणीतरी हसतंच. मला ते हसणं सहन होत नाही. खेळ सोडायची लाज आणि खेळायचीही लाज, अशा कात्रीत ते पोर सापडलेलं असतं. मित्र गेल्यावर त्याला पुन्हा चिखलात बसावंसं वाटलं, तर बसू द्यावं. दुसऱ्या दिवशी दार लावून एकटं बसावंसं वाटलं, तरी दार वाजवूनच आत जावं. ही ये-जा दोन-चार वर्षं चालणार, आणि तिचा वेग त्यानंच ठरवायचा.

परवा त्यानं फोनवर हळूच विचारलं, "मावशी, या वर्षी प्रतापगड करू या? पण फोटो कुणाला पाठवायचा नाही."

मी म्हटलं, "नाही पाठवणार. माती कुठून आणायची, ते सांग."