टॉवरमधली डबल बेल

आमच्या वैरागच्या स्टँडवरून एसटी कधी सुटते? ड्रायव्हरनं गाडी चालू केली म्हणून नाही, कंडक्टरनं डबल बेल दिली की सुटते. मागं कोण चढतंय, दार लागलंय का, हे ड्रायव्हरला दिसत नाही. कंडक्टरला दिसतं.

मध्यंतरी मुंबईहून विमानानं निघालो होतो. विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबलं ते थांबलंच. सगळे वैतागले, मीही चिडलो. शेजारचे काका शांतपणे म्हणाले, "टॉवरनं अजून सोडलं नाही."

घरी आल्यावर जरा वाचलं. विमान निघताना आधी मार्ग आणि उंची ठरवून मिळते. मग जागेवरून मागं ढकलायची परवानगी, मग धावपट्टीपर्यंतचा रस्ता आणि शेवटी टेक-ऑफची परवानगी. वर गेल्यावर रडारवाला ताब्यात घेतो. पायलटनं महत्त्वाची प्रत्येक सूचना जशीच्या तशी परत बोलून दाखवायची.

एवढी काटेकोरी कशाला? २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात एक विमान परवानगी नसताना धावत सुटलं. समोर दुसरं विमान होतं. ५८३ माणसं गेली. मार्ग सांगताना 'टेक-ऑफ' शब्द आला होता, तीच परवानगी समजली गेली. तेव्हापासून हा शब्द खरी परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात.

आपल्याकडे ८ जून २०२४ ला मुंबईत एक विमान उड्डाण घेत असतानाच त्याच धावपट्टीवर दुसरं उतरलं. नशीब, कुणाला काही झालं नाही. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. चौकशी व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. त्या खुर्चीवरच्या ताणाचा हिशोब कोण करणार?

९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं. आपण सगळ्यांनी आनंदानं फोटो टाकले. आता आणखी विमानं मागू, जरूर मागू. पण मागताना एवढंही विचारू: टॉवरमध्ये माणसं पुरेशी आहेत का? त्यांना पुरती झोप मिळते का?

विमान उशिरा सुटलं तर आपण शिव्या घालतो. वेळेवर आणि सुखरूप सुटलं तर त्या माणसाची आठवणसुद्धा येत नाही. पुढच्या वेळी थांबावं लागलं, तर मी गप बसणार आहे. तुम्ही?